इटलीत मोटरहोम, एकटीच: अण्णाआजोबांचा शोध आणि गाणंबजावणं एकाच फेरीत जमेल का?

सांजवारा

नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. मजकूर जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ, आमचे अण्णाआजोबा, दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत होते. इटलीत गेले आणि परत आले नाहीत. तार आली, पणजीने ती पेटाऱ्यात घालून ठेवली, आणि "फ्लॉरेन्सजवळ गेला" एवढंच पुढच्या पिढ्या सांगत राहिल्या. पेटारा आणि तार, दोन्ही आता नाहीत. त्यांच्या दोन वस्तू तेवढ्या उरल्यात. एक पदक, फीत लाल-पांढरी-हिरवी. दुसरी त्यांची पेटी. गावच्या भजनी मंडळात ते वाजवायचे. सध्या मी वाजवते, बरीवाईट.

यंदा नोकरीतून मोकळी झाले. जुलैत इटलीला जायचं, मोटरहोम भाड्याने घ्यायची आणि दक्षिणेपासून फ्लॉरेन्सपर्यंत पलटणीच्या वाटेने वर सरकायचं असं डोक्यात आहे. दिवसा शोध, संध्याकाळी जिथे असेन तिथलं जिवंत संगीत. पेरुजात तेव्हा उंब्रिया जॅझ असतं, पेस्कारातही जॅझ महोत्सव असतो. घाटात मोठी गाडी चालवायची सवय आहे, पण घर पाठीवर घेऊन कधी चालवलं नाही.

एकटीला झेपेल का? शोध आणि संगीत एका फेरीत बसतं, की दोन्ही अर्धवट राहतं? घरचे तर सरळ विचारतायत, "श्राद्धाला निघालीस की मैफलीला?"

आगाऊ_कार्टं

पयला मी! उत्तर: दोन्हीला. धागा बंद करा.

चक्रधर

ताई, झेपेल. पण गाडी निवडताना चूक करू नका. एकट्या माणसाला चार-सहा जणांची मोठी मोटरहोम भाड्याने देणारे बरेच भेटतात. सहा मीटरच्या आतली कॅम्पर व्हॅन घ्या. पलंग, शेगडी, छोटा संडास, एवढं असलं की पुरे. इटलीतली गावं डोंगरावर वसलेली आणि वेशीच्या कमानी अरुंद, तिथे लांब गाडी नकोशी होते. आपल्या लायसन्सवर साडेतीन टनांपर्यंतची गाडी चालवता येते. सोबत आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढायला लागतो. तो एक वर्ष चालतो, तेव्हा फार आधी काढून ठेवू नका.

एकट्याची खरी अडचण गाडी मागे घेताना येते. मागे उभं राहून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणणारं कोणी नसतं. कॅमेरा जमीन दाखवतो, पण वरची फांदी आणि बाल्कनी दाखवत नाही. म्हणून शंका आली की उतरायचं, चालत मागे जाऊन बघायचं, मग पुन्हा बसायचं. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू द्या. गाडीची उंची कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. ऐन वेळी आठवत नाही.

रात्री हमरस्त्यावरच्या पेट्रोलपंपाच्या आवारात झोपू नका. गाड्या फोडायच्या घटना तिथे जास्त होतात. आणि संडासाची कॅसेट, म्हणजे खालची काढता येणारी टाकी, रोजच्या रोज रिकामी करायची, हे आधीच मनाला सांगून ठेवा.

आगाऊ_कार्टं

म्हणजे लाइव्ह म्युझिक ऐकायला जाऊन रोज कॅसेट बदलायची 😀

बोरूबहाद्दर

मला हा बेत पटलेला नाही, स्पष्टच लिहितो. जिथे आपला माणूस पडला त्या देशात दिवसा स्मारकावर फुलं वाहायची आणि संध्याकाळी तिकीट काढून जॅझ ऐकायचं? दोन वेगळ्या सहली करा. एका सहलीत दोन्ही कोंबलं की स्मारकावर उभं असतानाही लक्ष घड्याळाकडे, सात वाजता कार्यक्रम आहे. शिवाय एकट्या बाईमाणसाने घर ओढत फिरायचं कशाला? इटलीत रेल्वे उत्तम आहे.

मृण्मयी_क

@बोरूबहाद्दर, "बाईमाणसाने" सोडून बाकीच्या मुद्द्यावर बोलू. रेल्वे शहरांना जोडते. युद्धातल्या दफनभूमी जिथे माणसं पडली त्याच शेताबांधावर आहेत, तिथे स्टेशन नसतं. आणि ताईंनीच लिहिलंय की अण्णाआजोबा भजनात पेटी वाजवायचे. मग संगीताची अडचण नक्की कोणाला होतेय?

फौजीपोर

शोधाबद्दल लिहितो, कारण सगळा प्रवास त्यावर ठरेल. ताई, तिकीट काढण्याआधी घरबसल्या होण्यासारखं बरंच आहे.

पदकाची फीत लाल-पांढरी-हिरवी-पांढरी-लाल अशी पाच पट्ट्यांची असेल तर तो 'इटली स्टार'. ११ जून १९४३ ते ८ मे १९४५ या काळातल्या इटलीच्या मोहिमेचं पदक. म्हणजे इटलीच्या मोहिमेत होते एवढं पक्कं.

दुसरं म्हणजे पलटण खरंच मराठा होती का, ते तपासा. घरोघरी सगळ्याच फौजेला "मराठा पलटण" म्हणतात. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्येही, म्हणजे पूल-रस्ते बांधणाऱ्या फौजेत, आपली खूप माणसं होती. मराठा लाइट इन्फंट्री निघाली तर इटलीत तिच्या दोन बटालियन ध्यानात ठेवा. पहिली आठव्या हिंदी डिव्हिजनमध्ये, तिसरी दहाव्यात. दोघींच्या वाटा वेगळ्या. आठवी डिव्हिजन सप्टेंबर १९४३ मध्ये तारांतोला उतरली आणि एड्रियाटिक किनाऱ्याने बिफेर्नो, त्रिन्यो, सांग्रो, मोरो अशा एकेक नद्या ओलांडत वर गेली. दहावी १९४४ मध्ये आली. बटालियन ठाऊक नसताना "पलटणीच्या वाटेने" कसं जाणार?

तिसरं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. कबर शोधू नका. आपल्या हिंदू जवानांना अग्नी दिला होता, त्यामुळे बहुतेकांच्या नावाचा दगडच नाही. त्यांची नावं दहन-स्मारकांच्या फलकांवर कोरलीत. इटलीत अशी स्मारकं सांग्रो नदीच्या युद्ध-दफनभूमीत, फोर्लीच्या हिंदी सैन्य दफनभूमीत आणि रिमिनीच्या गुरखा दफनभूमीत आहेत. ज्यांचा पत्ताच लागला नाही त्यांची नावं कासिनोच्या स्मारकावर. व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालेले मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे, त्यांचं नावही तिथेच आहे.

ही सगळी नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. फक्त आपल्या उच्चाराने शोधलंत तर हाती काही लागणार नाही. नाव सांगणारा मराठी, लिहून घेणारा कारकून भलत्याच मुलखातला, टाइप करणारा तिसराच. जाधवांची तीन-चार रूपं दिसतात. यशवंतातला पहिला य कधी गायब असतो. शिंद्यांचे सिंदे होतात. आडनाव सोडा, पलटण आणि देश निवडा, आणि यादी वरून खाली डोळ्यांनी वाचा. "अमुक-तमुकचा मुलगा, अमुक गावचा" अशी ओळ बऱ्याच नोंदींत असते. जिल्हा बघताना तेव्हाची नावं धरा. रायगड तेव्हा कुलाबा होता, आणि आजचा सांगलीचा बराच भाग साताऱ्यात होता.

सांजवारा

@फौजीपोर, दंडवत घ्या. फीत पाच पट्ट्यांचीच आहे, आत्ता उठून बघितली. दहनाचा विचारच माझ्या डोक्यात आला नव्हता, मी "ग्रेव्ह" म्हणूनच शोधत होते. अण्णाआजोबांचं नाव ज्ञानू. इंग्रजीत ते काय काय झालं असेल देव जाणे. गाव साताऱ्याकडचं.

फौजीपोर

ज्ञानू! डी, जी, एन, कुठल्याही अक्षराने सुरू होईल. बसा आता 🙂

करवीरकर

फ्लॉरेन्सचा विषय निघाला आणि करवीरचा माणूस गप्प बसेल? कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज युरोपहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्येच वारले. वय अवघं वीस. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. कासिने बागेच्या टोकाला त्यांचं छत्रीखालचं स्मारक आहे, १८७४ चं. तिथले लोक त्या जागेला 'इंदियानो' म्हणतात, शेजारच्या मोठ्या पुलालाही तेच नाव. त्याच बागेच्या दुसऱ्या टोकाला शहराचं ऑपेरा थिएटर आहे. म्हणजे बोरूबहाद्दर, अग्नीची जागा आणि गाण्याची जागा एकाच हिरवळीवर आहेत.

आणखी एक. १९४४ च्या उन्हाळ्यात फ्लॉरेन्सजवळ मोन्तेगुफोनीच्या वाड्यात उफ्फिझी संग्रहालयाची चित्रं लपवून ठेवलेली सापडली, बोत्तिचेल्लीसुद्धा, तेव्हा तिथे आठव्या हिंदी डिव्हिजनचे जवान होते. शाळेत हे कोणी शिकवलं नाही.

बोरूबहाद्दर

राजाराम महाराजांच्या स्मारकापाशी जॅझ लावत नाहीत अजून, एवढंच म्हणतो.

रावेन्नाकर

वीसेक वर्षं इकडे उत्तर इटलीतल्या रोमान्यात राहतोय, म्हणून गाडीबद्दल थोडं स्थानिक ज्ञान.

शहराच्या जुन्या भागात झेडटीएल असतं, म्हणजे परवान्याशिवाय गाडीला बंदी. पाटी लहान, कॅमेरा मोठा. दंडाचं पत्र नंतर घरी येतं, भाड्याची गाडी असेल तर मध्ये कंपनीचा आकार लागून येतं. नकाशा आत जायला सांगेल, त्याचं ऐकायचं नाही. गाडी बाहेर लावून चालत किंवा बसने आत जायचं.

मुक्कामाला 'आरेआ दी सोस्ता' शोधा. मोटरहोमसाठी राखलेली जागा असते, पाणी भरायची आणि घाण पाणी सोडायची सोय असते. साध्या पार्किंगमध्येही झोपता येतं. इथल्या वाहतूक कायद्याच्या १८५ व्या कलमाप्रमाणे गाडी चाकांवर उभी असेल, बाहेर काही सांडत नसेल आणि स्वतःपुरतीच जागा घेत असेल तर ते पार्किंग. खुर्ची बाहेर टाकली, छत ओढलं की ते कॅम्पिंग, आणि ते मनाई असलेल्या ठिकाणी दंड. पेरुजात पियान दी मासियानोला मोठं पार्किंग आहे, तिथून मिनिमेट्रोने थेट वरच्या गावात पोचाल. उंब्रिया जॅझच्या दिवसांत बागेत आणि चौकात फुकट कार्यक्रमही असतात, सगळ्यांचंच तिकीट लागत नाही.

पेरुजात असाल तर मोन्तोनेला जाच, गाडीने तासाच्या आत. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी त्याच परिसरात लढताना पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३ मध्ये गावाने त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो.

आणि माझ्या भागात आलात तर सेनिओ नदी. नुसता ओढा वाटेल, पण दोन्ही काठांना उंच बांध. ९ एप्रिल १९४५ ला मराठा पलटणीतल्या नामदेव जाधवांनी जखमी सोबत्यांना त्याच पाण्यातून आणि सुरुंगांतून पाठीवर वाहून आणलं, मग एकट्याने मशीनगनची ठाणी बंद केली आणि बांधावर चढून पलटणीची घोषणा दिली. तोही व्हिक्टोरिया क्रॉस. जाधव जगले, १९८४ पर्यंत. आल्फोन्सिनेला सेनिओच्या लढाईचं संग्रहालय आहे.

कोमल_निषाद

सेनिओचं नाव वाचून राहवलं नाही. त्याच नदीकाठी फुझिन्यानो गाव आहे, आर्कांजेलो कोरेल्लीचं जन्मगाव, १६५३. युरोपातल्या व्हायोलिनवादनाचा पाया ज्यांनी घातला त्यांत हा अगदी पुढचा. लढाईत गावाची धूळधाण झाली.

पण पेटीवाल्यांसाठी खरं तीर्थक्षेत्र वेगळंच आहे, कास्तेलफिदार्दो. एड्रियाटिक किनाऱ्याने वर येताना अँकोनाच्या अलीकडे टेकडीवर. पाओलो सोप्रानीने तिथे १८६३ मध्ये ॲकॉर्डियन बनवायला सुरुवात केली आणि सगळं गाव त्यावर जगायला लागलं. ॲकॉर्डियनचं संग्रहालय आहे, कारखाने अजून चालतात. आपली पेटी आणि त्यांचं ॲकॉर्डियन दोन्ही एकाच तत्त्वावर बोलतात. एका बाजूने जखडलेली धातूची मोकळी पट्टी, तिच्याखालून हवा गेली की ती थरथरते. फरक भात्याचा. पेटीत एका हाताने भाता, म्हणून वाजवायला एकच हात उरतो. त्यांनी भाता मध्ये घेतला आणि दोन्ही हात मोकळे केले. पॅरिसच्या दबॅंने १८४२ मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं तेव्हा ती पायपेटी होती. मांडीशी घेऊन बसायची पेटी कोलकात्यात द्वारकानाथ घोषांनी केली.

कारखान्यात कान लावून पट्ट्या घासणारे कारागीर बघायला मिळाले तर अर्धा दिवस तिथेच द्या. एक जॅझ कमी ऐकलंत तरी चालेल.

मृण्मयी_क

पट्टी वर लावायची असेल तर टोकाकडून घासतात ना? आमच्याकडचे पेटीवाले तसंच करतात.

कोमल_निषाद

बरोबर. टोकाकडे घासली की हलकी होते, सूर चढतो. मुळाशी घासली की उतरतो. जास्त घासली की नवी पट्टी आणायची.

ॲडमिन

मंडळी, पेटीदुरुस्तीचा स्वतंत्र धागा आहे.

सांजवारा

सापडले.

दोन रात्री यादी वाचली. ज्ञानूचा "दनू" झालाय, आडनावात एक अक्षर जास्तीचं घुसलंय आणि गावाचं नाव तर मोठ्याने वाचलं तेव्हाच कळलं. पण वडलांचं नाव बरोबर आणि आईचंही बरोबर. पाचवी मराठा लाइट इन्फंट्री (हे तेव्हाचं रेजिमेंटचं नाव), तिची पहिली बटालियन. डिसेंबर १९४३. सांग्रो नदी दहन-स्मारक.

फ्लॉरेन्स नाहीच. फ्लॉरेन्सला पलटण पोचली तेव्हा त्यांना जाऊन सात-आठ महिने झाले होते. चुलतभावाला फोन करून सांगितलं तर म्हणाला, "मग आजी फ्लॉरेन्स का म्हणायची?" मी काय सांगणार?

आता माझ्या नकाशाचा वरचा निम्मा भाग अण्णाआजोबांचा उरला नाही. ते तिथवर गेलेच नव्हते. जुलैचंही काही कारण राहिलं नाही. दोन दिवस नुसती नकाशाकडे बघत बसलेय.

फौजीपोर

ताई, अभिनंदन म्हणावं की काय कळत नाही, पण मनापासून आनंद झाला.

फ्लॉरेन्सबद्दल माझा अंदाज सांगतो. त्यांच्याबरोबरचे जवान लढाई संपल्यावर परत आले. तोवर त्यांनी फ्लॉरेन्स पाहिलेलं होतं. सांग्रो, मोरो ही नावं आपल्याकडे कोण लक्षात ठेवणार? भेटायला आलेल्या सोबत्याने शहराचं नाव सांगितलं असेल, तेच घरात राहिलं.

डिसेंबर १९४३ म्हणजे सांग्रो ओलांडून मोरोच्या आसपासचे दिवस. चिखल आणि पाऊस एवढा की रणगाडे रुतत होते. मोरोवर आपल्या सॅपर्सनी शत्रूच्या बाजूने उलटा बांधत आणलेला पूल 'अशक्य पूल' म्हणून ओळखला जातो. शेजारी ओर्तोनात कॅनडाचं सैन्य घराघरातून लढत होतं. सांग्रोच्या त्या स्मारकावर आपली पाचशेच्या वर नावं आहेत.

आता बटालियन, सैनिक क्रमांक आणि तारीख हातात आहे, तर बेळगावला मराठा सेंटरच्या अभिलेख कार्यालयाला पत्र टाका. लंडनला क्यूच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये तुकड्यांच्या युद्ध-दैनंदिन्या असतात. त्यात शिपायाचं नाव सहसा नसतं, पण त्या दिवशी पलटण कुठल्या टेकडीवर होती ते कळतं. नावाची स्पेलिंग दुरुस्त करायची असेल तर कमिशनला पुराव्यासकट लिहिता येतं.

चक्रधर

नकाशा अर्धा झाला ते गाडीच्या दृष्टीने चांगलंच झालं. तारांतो ते फ्लॉरेन्स जुलैत रेटणं म्हणजे रोज सकाळी उन्हात पत्र्याच्या डब्यात चालवणं आणि रात्री त्याच डब्यात झोपणं. गाडी उभी असताना एसी चालवायला बाहेरची वीज लागते, ती सगळीकडे नसते. तेव्हा ताई, डिसेंबरलाच का जात नाही?

सांजवारा

तोच विचार दोन दिवस डोक्यात आहे, पण भीतीने लिहिला नव्हता. डिसेंबरात मोटरहोम? आणि संगीत? सगळे महोत्सव उन्हाळ्यातच असतात ना?

रावेन्नाकर

कोण म्हणतं? डिसेंबरात त्या भागात जे ऐकायला मिळतं ते जुलैच्या तिकिटात मिळत नाही. झाम्पोन्या! अब्रुझ्झो आणि मोलिझेच्या डोंगरातली चामड्याच्या पिशवीची बासरी. नाताळच्या आधीच्या नऊ दिवसांत मेंढपाळांच्या वेशातले वादक जोडीने गावागावातून फिरतात. एक झाम्पोन्या फुंकतो, दुसरा चारामेल्ला. चारामेल्ला ऐकाल तर म्हणाल, ही तर सनई. मोलिझेत स्कापोली नावाचं गाव ही वाद्यं बनवतं, तिथे संग्रहालय आहे. महोत्सव मात्र त्यांचा जुलैत असतो.

शिवाय ओर्तोना म्हणजे फ्रांचेस्को पाओलो तोस्तीचं जन्मगाव. गाण्यांचा मोठा रचनाकार, इंग्लंडच्या राजघराण्याला गाणं शिकवायचा. त्याच्या नावाची संस्था तिथे आहे. आणि जॅझशिवाय चैन पडत नसेल तर डिसेंबरच्या अखेरीस ऑर्व्हिएतोला उंब्रिया जॅझचं हिवाळी सत्र असतं, १ जानेवारीपर्यंत.

कोमल_निषाद

झाम्पोन्यात दोन नळ्यांवर बोटं चालतात आणि बाकीच्या अखंड सूर धरून ठेवतात. सनईच्या मागे सूर देणारा असतो ना, तो इथे त्याच पिशवीत बसवलाय. ताई, रेकॉर्डिंग करून आणाच.

बोरूबहाद्दर

झाम्पोन्याला माझी हरकत नाही. जॅझला अजूनही आहे.

मृण्मयी_क

नोंद घेतली 😀

एक गंभीर शंका. डिसेंबरात तिकडे साडेचारला अंधार पडतो. एकटीने अनोळखी गावात अंधारात जागा शोधणं मला तरी नको वाटेल. चारच्या आत गाडी लावायचीच, असा नियम ठेवला तर दिवस किती उरतो?

चक्रधर

नियम चांगला आहे, दिवस पुरतो. कारण आता अंतर फारसं नाही. सांग्रोची दफनभूमी तोरिनो दी सांग्रोजवळ, ओर्तोना तिथून तासाभराच्या आत. एकाच तळावर चार रात्री राहून सगळं बघता येईल. रोज गाव बदलायची हौस मोटरहोमवाल्यांना उगाच असते.

हिवाळ्याचं मात्र नीट समजून घ्या. १५ नोव्हेंबर ते १५ एप्रिल तिथल्या बऱ्याच रस्त्यांवर हिवाळी टायर किंवा चेन सक्तीची असते. गाडी घेताना टायर डोळ्यांनी बघा, चेन मागून घ्या आणि एकदा तिथेच चढवून बघा. सिलिंडर प्रोपेनचा हवा. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचा थांबतो, मग हीटर बंद आणि शेगडीही बंद. किनाऱ्यावर एवढी थंडी क्वचित पडते, पण स्कापोलीसाठी डोंगरात शिराल तेव्हा पडेल. बरेच कॅम्पसाइट हिवाळ्यात बंद असतात, सोस्ता उघडे असले तरी नळ गोठू नये म्हणून पाणी बंद ठेवतात. टाकी भरलेली ठेवा.

आणि व्हिसाच्या अर्जाला गाडीचं भाडेपत्र आणि जिथे मिळेल तिथलं मुक्कामाचं आरक्षण जोडा. "गाडीतच झोपणार" एवढ्यावर समोरच्याचं समाधान होत नाही.

करवीरकर

म्हणजे फ्लॉरेन्स कटाप? महाराजांना कोण भेटणार?

सांजवारा

@करवीरकर, महाराजांकडे पुढच्या वेळी. या वेळी मुद्दामच नाही. तिथे गेले तर मी पुन्हा आजीच्या गोष्टीतच जाईन.

ठरवलंय ते असं. डिसेंबरच्या मध्याला पेस्काराजवळ गाडी घ्यायची, सांग्रो-ओर्तोनाच्या पट्ट्यातच राहायचं, मग स्कापोली, आणि शेवटी कास्तेलफिदार्दो. फलकावर नाव बघायला एक दिवस लागेल की तीन, ते आधी ठरवत नाही. बोरूकाका, संध्याकाळी सातचं तिकीट काढलेलं नाही, तेव्हा घड्याळाकडे बघायचं कारण नाही. घरच्यांना सांगितलं, तर चुलतभाऊ म्हणतोय मीही येतो. मी नाही म्हटलं. त्याने बेळगावचं पत्र लिहायचं, ते काम त्याला दिलंय.

पेटी नेत नाही.

कोमल_निषाद

शहाणपणाचं आहे. हीटरच्या कोरड्या हवेत लाकूड तडकतं.

फौजीपोर

ताई, दफनभूमीच्या दाराशी भिंतीत छोटं कपाट असतं, त्यात नोंदवही असते. आधी त्यात फलकाचा क्रमांक बघा, मग आत जा. भेट देणाऱ्यांची वहीही असते. तिच्यात मराठीत लिहा, गावाच्या खऱ्या नावासकट.

रावेन्नाकर

मी नाताळच्या आधी त्या बाजूला असतो, बायकोचं माहेर पेस्कारा. स्कापोलीच्या घाटाआधी भेटा, चेन कशी चढवायची ते दाखवतो.

सांजवारा

नक्की भेटू. चेन मीच चढवेन, तुम्ही फक्त टॉर्च धरा.